दूध कट्ट्यावरचे नोटरी

मला पणतू झाला तेव्हा मी आमच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटत फिरले. सगळ्यांनी पेढा तोंडात टाकला आणि चार गोड शब्द बोलले. तळमजल्यावरच्या शामराव वकिलांनी मात्र तो हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "बाळ कुणी बघितलंय?"

म्हटलं, नातवाचा फोन आलाय. त्याचंच बाळ आहे, तो बघणार नाही तर कोण बघणार?

"म्हंजे तुमी न्हाय बघितलं."

"अजून नाही. आता जाणार आहे दवाखान्यात."

"मग हे ऐकीव बाळ झालं, काकी. ऐकीव बाळाचा पेढा मी खात न्हाय."

आणि खरंच खाल्ला नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, मला स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्यात आले. पाळण्यावर वाकून बाळाचं नाक बघितलं, कान बघितले, मुठी उघडून बघितल्या. बाळानं त्यांच्या तोंडावर एक लांबलचक जांभई दिली. तेव्हा कुठे त्यांनी खिशातला पेढा काढला आणि तिथंच उभ्यानं खाल्ला. "आता झालं," म्हणाले, "माझ्यासमोर जांभई दिली."

नातसुनेनं हळूच मला विचारलं, हे कोण? मी म्हटलं, घाबरू नकोस, नोटरी आहेत. ती आणखीनच घाबरली.

शामराव मूळचे चंदगडकडचे. तिकडं पाऊस एवढा पडतो की माणसाचं बोलणं छपरावरच्या आवाजाच्या वर न्यावं लागतं, त्यामुळं त्यांचं कुजबुजणंसुद्धा आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. वकिली करायला कोल्हापुरात आले आणि राजारामपुरीत आमच्या खाली राहायला लागले, त्याला आता जमाना झाला. बायको लवकर गेली. मागं एक मुलगी, तेजू. तिच्या वेण्या शामरावच घालायचे. एक वेणी कानावर, दुसरी मानेवर. पोरगी शाळेला निघाली की मी तिला जिन्यात अडवायची, दोन्ही वेण्या सोडायची आणि पुन्हा घालून द्यायची. संध्याकाळी ते कौतुकानं सांगायचे, "बघा काकी, सकाळी घातलेली वेणी अजून हाललेली न्हाय." मी कधी काही बोलले नाही. तेजूही बोलली नाही. पोरगी तेव्हापासूनच समजूतदार.

ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि एक दिवस तिचा फोन आला की बाबा, मी लग्न केलंय. मुलगा बेळगावचा, बसवराज नावाचा, तिच्याच ऑफिसातला. नोंदणी पद्धतीनं झालं, कालच झालं.

शामराव संध्याकाळी वर आले, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "तेजूचं लगीन झालंय म्हणत्यात."

"म्हणतात म्हणजे? तिनंच सांगितलं ना?"

"तिनं सांगितलं. मी समोर न्हवतो."

मग चार दिवसांनी बेळगावचा कुंदा आला. कुणीतरी गाडीवाला तेजूच्या नावानं डबा देऊन गेला. शामरावांनी तो डबा न उघडता माझ्या ओट्यावर आणून ठेवला. "ऐकीव लग्नाचा कुंदा हाय. मला चालत न्हाय." मला चालला. रोज दुपारी चहाबरोबर थोडा थोडा मी तो संपवला. कुंद्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

पण खाताना मला ते काही बरं लक्षण वाटत नव्हतं. बाप-लेक दोघंच जगात, आणि त्या दोघांत एक न उघडलेला डबा. असे डबे जेवढे दिवस राहतात तेवढं त्यांचं झाकण घट्ट बसत जातं. ते उघडलं नाही तर हा माणूस या तळमजल्यावर एकटाच म्हातारा होणार, हे मला दिसत होतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला सरकारनं त्यांना नोटरी केलं.

अर्ज त्यांनी फार पूर्वी केला होता. इतका पूर्वी, की सनद आली तेव्हा आधी त्यांना ते दुसऱ्या कुणाचं टपाल वाटलं. मग त्यांनी गोल शिक्का करून घेतला, कागदावर चिकटवायच्या लाल चकत्या आणल्या, काळा कोट इस्त्रीला टाकला आणि 'नोटरी, भारत सरकार' अशी पाटी रंगवून घेतली. पाटी बिल्डिंगच्या दारात लावली तेव्हा आमच्या सोसायटीत दोन दिवस सगळे जरा सरळ चालत होते.

नोटरी नक्की करतो काय, हे मला माहीत नव्हतं. सह्या-कागदांच्या बाबतीत माझी अक्कल जन्मजात बेताची. लग्नानंतर मी महिनाभर पाटीवर सही गिरवली होती. शेवटच्या अक्षराला असा काही पिसारा काढायची की कागद संपायचा. मग कुणीही, कुठंही बोट ठेवलं की मी तिथं सही करायची आणि स्वतःला मोठी कर्तबगार बाई समजायची. पुढं एकदा सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायला बंदी आली. मी खवळून सेक्रेटरीकडे गेले. त्यांनी शांतपणे ठराव काढून दाखवला. अनुमोदक म्हणून माझीच सही होती, पिसाऱ्यासकट. गच्चीवर सगळ्यांत जास्त पापड माझेच असायचे.

हा किस्सा मी शामरावांना सांगितला तेव्हा त्यांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "ह्यासाठीच नोटरी लागतो, काकी. नोटरी खरं-खोटं सांगत न्हाय. त्ये देवाला आणि कोर्टाला. नोटरी एवढंच सांगतो, की हा माणूस माझ्यासमोर आला, माझ्यासमोर बोलला, माझ्यासमोर सही केली. बास."

"एवढंच?"

"एवढंच म्हंजे? आजकाल समोर येतंय कोण?"

कोर्टाच्या बाहेर त्यांनी टेबल टाकलं. तिथं सावली असलेल्या सगळ्या जागा आधीच्या नोटऱ्यांनी धरलेल्या. यांना जागा मिळाली ती झेरॉक्सचं दुकान आणि चहाची गाडी यांच्या मधल्या फटीत. तरी गिऱ्हाईक यायला हरकत नव्हती. पण आलेलं गिऱ्हाईक शामराव टिकू देतील तर ना. कुणी म्हणालं, भाऊ मुंबईला असतोय, सही करून पाठवलीय, तुमी नुसता शिक्का मारा. हे म्हणाले, भावाला आण. तो म्हणाला, व्हिडिओवर दाखवतो की. हे म्हणाले, "व्हिडिओतला माणूस समोर नसतोय. त्येच्या खांद्यावर हात ठेवून दाव बरं." माणूस कागद उचलून शेजारच्या टेबलावर गेला आणि चहा निवायच्या आत शिक्का मारून घेऊन परत यांच्यासमोरूनच गेला.

आणि जो स्वतः यायचा त्याला शामराव सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे. चंदगडी आवाजात. भाडेकरूची भांडणं, बायकोचं माहेरचं नाव, दहावीला नापास झालेलं वर्ष, सगळं चहाच्या गाडीपर्यंत ऐकू जायचं. लोक लाजून पळाले.

एकदा तर चंदगडहून त्यांचा मावसभाऊ खास भवानी द्यायला एस्टीनं आला. हातात कागद, काखेत काजूची पिशवी. शामरावांनी त्यालाही परत पाठवलं. "तू नात्यातला. नात्यातल्याच्या कागदावर मी शिक्का मारत न्हाय. उद्या कोणबी म्हणंल, घरचंच हाय." मावसभाऊ जिन्यात बसून मला सगळं सांगत होता आणि हताशपणे पिशवीकडे बघत होता. नियम शिक्क्याला आहे, काजूला नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं. काजू चांगले होते.

रोज संध्याकाळी शामराव शिक्क्याची पेटी काखेत घेऊन परत यायचे. मुलानं न खाल्लेला डबा शाळेतून परत आणावा, तसे. नवीकोरी शाई वापराविना वाळली. मी म्हटलं, अहो, इतर करतात तसं करा जरा. ते म्हणाले, "इतर करत्यात, म्हणून तर लोकांस्नी समोर यायची सवय ऱ्हायली न्हाय." मला कळत होतं, हे कोर्टाबाहेरच्या लोकांविषयी बोलणं नव्हतं.

मग एका पहाटे त्यांना दूध कट्टा सुचला.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं पहाटे आणि संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकातल्या दूध कट्ट्यावर येतात. तुम्ही पेला धरायचा, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो, आणि तुम्ही ते फेसाळ, कोमट दूध तिथंच उभ्यानं प्यायचं. पिशवीतलं दूध पिणारी माणसंही या गावात आहेत, पण ती त्याविषयी फार बोलत नाहीत.

"काकी," शामराव म्हणाले, "जी माणसं समोर काढल्याबिगर दूध पीत न्हाईत, त्येंच्यात जाऊन बसायला पायजे. त्येंना समोरची किंमत ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घडीचं टेबल, एक खुर्ची आणि एक स्टूल कट्ट्यावर नेऊन टाकलं. मीही गेले. डॉक्टरांनी मला सकाळी फिरायला सांगितलंय, आणि स्कूटरवरून फिरायचं नाही असं काही ते म्हणाले नव्हते.

कट्ट्यावर रंगा गवळ्याचं राज्य. त्याची म्हैस चंद्री, शिंगं मागं वळलेली, स्वभाव कलेक्टरचा. रंगानं पाटी वाचली, शामरावांचा काळा कोट बघितला आणि विचारलं, "सरकारी शिक्का हाय व्हय? मग माज्या दुधात पानी न्हाय असा मारून द्या की."

शामरावांनी त्याला नीट समजावलं, की दूध कसं आहे ते मी सांगू शकत नाही. तू काय म्हणालास आणि माझ्यासमोर म्हणालास, एवढंच मी सांगू शकतो.

"मग मी म्हनतो की. तुमच्यासमोर म्हनतो."

झालं. कागद तयार झाला. रंगानं एक हात चंद्रीच्या पाठीवर ठेवून शपथ घेतली, अंगठ्याएवढ्या मोठ्या अक्षरात सही केली, आणि शामरावांनी आयुष्यातला पहिला शिक्का मारला. मारून झाल्यावर ते त्या गोल शिक्क्याकडे किती तरी वेळ बघत होते. रंगानं कागदाला प्लास्टिक चढवून घेतलं आणि चंद्रीच्या गळ्यात बांधलं. दोन दिवसांत शेजारच्या म्हशीनं त्याचा कोपरा खाल्ला, पण तोवर कट्ट्यावरच्या सगळ्या गवळ्यांच्या म्हशींना प्रतिज्ञापत्रं झाली होती. नोटरी मिळालेल्या म्हशी भारतात आणखी कुठं असतील तर मला माहीत नाही.

तिथून धंदा लागला. क्लासला आलेली पोरं, त्यांना खोली देणारे घरमालक, कागलकडून उसाचे ट्रॅक्टर घेऊन आलेले ड्रायव्हर, सकाळी दूध प्यायला येता येता कागद घेऊन यायला लागले. शामरावांनी एक नियम केला: आधी दूध, मग शपथ. ओठावर दुधाची मिशी असताना माणसाला खोटं बोलवत नाही, असं त्यांचं मत. मिशी पुसून बसलेल्याला ते दुसरा पेला प्यायला लावत. आणि कागद वाचून झाला, शिक्का मारून झाला तरी माणसाला सोडत नसत. गाव कुठलं, आई असते का, भाऊ बोलतो का, असं विचारत बसत. लोकही बसत. मी मागच्या कठड्यावरून बघायची. मला वाटायचं, या माणसाला सरकारनं मोठी विचित्र सोय करून दिलीय. लोकांनी याच्यासमोर येऊन बसावं असा कायदाच केलाय. फक्त जिनं यायचं ती सोडून सगळे येतायत.

एका सकाळी गर्दी नव्हती. चंद्री रवंथ करत होती. शामरावांचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून मी त्यांना माझ्या लग्नाची गोष्ट सांगायला घेतली. ही गोष्ट मी हसवायची वेळ आली की काढते, कारण तिच्यात माझ्याइतकं मूर्ख कुणीच नाही.

मला बघायला आले तेव्हा पाहुण्यांत तीन पुरुष होते. मान वर करायची नाही, अशी आईची ताकीद. मी पोह्यांच्या बश्या घेऊन गेले आणि मला दिसल्या त्या चपला. दारातच, काय सुरेख कापशीच्या चपला, करकरीत, वर बारीक वेणी. मला वाटलं, एवढ्या देखण्या चपला घालणारा माणूस मनानंही देखणाच असणार. आतून आईनं विचारलं, पसंत आहे का? मी मान डोलावली. लग्न झालं, वरात झाली, आणि घरी आल्यावर बघते तो नवऱ्याच्या पायात रबरी चपला. त्या कापशीच्या चपला त्यांच्या मामांच्या. मामांच्या पाया पडताना मी पुढं आयुष्यभर जरा जास्तच वेळ वाकायची.

"तेव्हा शामराव," मी म्हटलं, "समोर असून तरी काय मोठं दिसतं? मी समोर बसून चपलेशी लग्न केलं."

ते हसले. खूप दिवसांनी हसले. चंद्रीनं मान वळवून बघितलं. मग हसू ओसरल्यावर म्हणाले, "तरी तुमचे वडील हुते की तितं."

"होते. दारात उभे होते. लग्नात हॉलभर धावत होते, कुणाला वाढलं, कुणाला नाही."

"त्येच की."

थोडा वेळ ते शिक्क्याची पेटी उघडत-झाकत बसले.

"नोंदणी लग्नाला तीन साक्षीदार लागत्यात, काकी. कायदाच हाय. तेजूच्या दोन मैत्रिणी हुत्या. तिसरा मिळंना. मग खालनं पार्किंगमधल्या माणसाला वर बोलावलं. तिनंच सांगितलं मला फोनवर, हसत हसत." मग म्हणाले, "मी वकील हाय. साक्षीदारानं सही कुठं करायची मला ठावं हाय. रातची गाडी धरून गेलो असतो. त्या पार्किंगवाल्याच्या जागी मी बसलो असतो की."

"तुम्ही नको म्हणाल, अशी भीती वाटली असेल पोरीला."

"म्हणालो असतो. एकदा म्हणालो असतो. मग गाडी धरली असती."

मला इतके दिवस वाटत होतं की हा माणूस लेकीवर रागावलाय. तो रागावलेला नव्हताच. त्याला खुर्ची मिळाली नव्हती.

घरी आल्या आल्या मी तेजूला फोन लावला. ती रडायलाच लागली. म्हणाली, बाबा फोन घेतात, जेवलीस का विचारतात, पाऊस आहे का विचारतात, आणि आवाज येतोय पण तू समोर नाहीस म्हणून ठेवून देतात. व्हिडिओ लावला तर फोन पालथा घालतात. मला नुसता टेबलाचा अंधार दिसतो. मी म्हटलं, मग ये समोर. ती म्हणाली, काकी, दारातूनच परत पाठवलं तर? बसवराजला घेऊन येऊ आणि त्याच्यासमोर बाबांनी ओळख दाखवली नाही तर?

"दारात जाऊच नकोस," मी म्हटलं. "कट्ट्यावर या. कागद घेऊन समोर आलेल्या माणसाला तुझा बाप उठवू शकत नाही, ते त्याच्या धर्मात बसत नाही. शपथेचा कागद करायला तुझ्या नवऱ्याचं काही हरवलंय का?"

पलीकडं कुजबुज झाली. मग एक पुरुषी आवाज अदबीनं म्हणाला, "डिग्रीचं सर्टिफिकेट हरवलंय, काकी. घर बदलताना. खरंच हरवलंय."

मला तो मुलगा तिथंच आवडला. खोटी शपथ घ्यावी लागू नये याची त्यानं आधीच काळजी घेतली होती.

तरी त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. माझ्या बेतांचा इतिहास चांगला नाही. नवी नवरी असताना माझी जाऊ आणि सासू एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांना बोलतं करायला मी दोघींना लोणच्याच्या बरण्या काढायला एकाच माळ्यावर चढवलं आणि खालून शिडी काढून घेतली. त्या बोलत्या झाल्या. पण माझ्याविरुद्ध. पुढं वर्षभर त्यांचं अगदी छान जमलं.

ठरल्या दिवशी मी नेहमीसारखी स्कूटरवर मागे बसून कट्ट्यावर गेले. उजाडत होतं. तेजू आधीच आलेली होती आणि मी सांगितल्याप्रमाणे चंद्रीच्या पलीकडं उभी होती. म्हशीच्या पाठीवरून तिच्या ओढणीचा एक पिवळा तुकडा दिसत होता. रंगाला मी विश्वासात घेतलं होतं. एरवी बडबड करणारा रंगा गुपित सांभाळायचं म्हणून इतका गप्प होता की शामरावांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी हाय न्हवं?

बसवराज येऊन स्टुलावर बसला. किडकिडीत, चष्मा, शर्ट नीट खोचलेला. रंगानं पेला दिला. तो दूध प्याला आणि ओठ न पुसता तसाच बसला. कुणी शिकवून ठेवलं होतं, ते सांगायला नको.

शामरावांनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "मी, बसवराज..." तिथं त्यांचं बोट थांबलं.

मी कठडा घट्ट धरला. बोट थोडा वेळ त्या नावावर राहिलं. मग पुढं सरकलं. शामराव वाचत गेले. राहणार पुणे, मूळ गाव बेळगाव, सर्टिफिकेट हरवलं, शोध घेतला, सापडलं नाही. आवाज तोच. पण नेहमी छपरावर जाणारा तो आवाज आज टेबलाच्या कडेपर्यंतच पोचत होता.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला. "लगीन झालंय?"

"झालंय."

"कसं?"

"नोंदणी करून."

"साक्षीदार कोण हुतं?"

बसवराजनं चष्मा सावरला. "तिच्या दोन मैत्रिणी. आणि तिसरे पार्किंगमधले एक गृहस्थ." मग म्हणाला, "त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणीतरी बसायला पाहिजे होतं. त्यांना बोलवायचा तिला धीर झाला नव्हता. पण सह्या होईपर्यंत ती सारखी जिन्याकडं बघत होती."

शामरावांनी पेटी उघडली. शिक्का काढला, शाईवर दाबला, हात वर नेला. हात तसाच राहिला. मग त्यांनी शिक्का खाली आणला, खिशातला रुमाल काढला आणि शिक्क्याची शाई पुसायला लागले.

"हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय," ते म्हणाले.

चंद्रीमागचा पिवळा तुकडा हलला आणि खाली गेला. बसवराज स्टुलावरून अर्धा उठला. माझ्या डोळ्यांसमोर ती माळ्यावरची शिडी आली.

रंगाला राहवलं नाही. "का ओ, वकीलसायेब? दूध पिलंय. मानूस समोर बसलाय. आजून काय पायजे?"

"समोर बसलाय म्हणूनच." शामराव अजून शिक्काच पुसत होते. रुमाल निळा झाला होता. "नात्यातल्याच्या कागदावर मी शिक्का मारत न्हाय. ठावं हाय न्हवं तुला?"

"पावनं नात्यातलं हाईत?" रंगा म्हणाला. सगळं माहीत असून इतक्या भोळ्या चेहऱ्यानं त्यानं विचारलं, की मी त्याला मनोमन दाद दिली. "कोन लागत्यात तुमचं?"

"जावई हायत," शामराव म्हणाले.

मग शामरावांनी शिक्का पेटीत ठेवला आणि वर न बघता म्हणाले, "तेजे, म्हशीमागं काय करत्यास? समोर ये."

ती आली. तोंड पुसत, ओढणीला शेण लागलेलं, केस सुटलेले. शामराव उठले आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडं सरकवली. दोघं शेजारी शेजारी बसली, एक खुर्चीवर, एक स्टुलावर, आणि हा माणूस टेबलापलीकडं उभा राहून दोघांकडे बघत राहिला. मग त्यांनी हात पुढं केला आणि तिच्या कानाशी सुटलेली बट कानामागं सारली. नेहमीप्रमाणे वाकडी.

तेजूच्या पिशवीत कुंद्याचा डबा होता. तिनं उघडून पुढं धरला. शामरावांनी या वेळी उलटापालटा करून बघितलं नाही. एक मोठा तुकडा घेतला, खाल्ला, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आधीचा डबा असाच हुता का, काकी?"

मी म्हटलं, "होता. पण ऐकीव होता ना, एवढी चव लागली नाही."

कागदाचं काम राहिलंच होतं. आम्ही चौघं रिक्षा करून कोर्टापाशी गेलो. तिथल्या सावलीतल्या एका जुन्या नोटरींनी कागद बघितला, आणि या माणसाला ओळखणारे वकील कोण, असं विचारलं. कारण तशीही एक सही लागते: मी यांना ओळखतो, म्हणून. तेजू बापाकडं बघायला लागली.

शामराव पुढं झाले. पेन झटकलं. कागद सरळ केला आणि सावकाश सही केली, जशी मी लग्नानंतर करायची तशी, शेवटच्या अक्षराला पिसारा काढून. मग सहीच्या खाली, जिथं काहीच लिहायचं नसतं, तिथं त्यांनी आणखी एक शब्द लिहिला. मी चष्मा लावून वाकून वाचला. त्यामुळं हे ऐकीव नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'सासरे'.

"वकीलसाहेब," जुने नोटरी म्हणाले, "हे लिहायची काही गरज नाही इथं."

"असू दे की," शामराव म्हणाले.